दिवाणाखालचं मांजर चार दिवसांत परत करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आमच्या डोंबिवलीत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिल्लांचे फोटो फिरायला लागतात, मीटर रूममध्ये चार सापडली, कुणाच्या स्कूटरखाली दोन बसलीयत, कुणाला हवीत का. आणि हल्ली लोक खरंच घेतात हो, विकतचं पर्शियन आणण्यापेक्षा रस्त्यावरचं मांजर घरी आणणारी कितीतरी घरं मला माहिती आहेत. पण त्याच ग्रुपवर आठवड्याभरात दुसरा मेसेज येतो, "मांजर परत न्या प्लीज, चार दिवस झाले दिवाणाखालून बाहेर येत नाही, आमच्याकडे रमत नाहीये." त्या दुसऱ्या मेसेजसाठी हे पत्र लिहितेय.

आमची चिंगी अशीच दोन घरांतून परत आलेली. एकांनी तिसऱ्या दिवशी आणून सोडली, दुसऱ्यांनी सहाव्या. साधारण दोन वर्षांची, ऑपरेशन झालेली, डाव्या कानाचं टोक कापलेलं (नसबंदी झालेली मांजर पटकन ओळखू यावी म्हणून तसं करतात, जखम नाही ती). पार्किंगमधल्या मांजरांना रोज खायला घालणाऱ्या एक ताई आहेत त्यांनी तिला सांभाळलं होतं. आम्ही मागायला गेलो तर म्हणाल्या आधी खिडक्यांचे फोटो पाठवा. मला तेव्हा राग आला, मांजर द्यायला एवढी चौकशी कशाला. नंतर कळलं की चौथ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून कबुतराच्या मागे झेप घेऊन मांजर खाली पडतं, आणि पडून प्रत्येक वेळी पायावरच उतरतं नि काही होत नाही हा समज चुकीचा आहे, जबडा मोडतो, पाय मोडतो, छातीला मार लागतो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकतं, म्हणून आम्ही बेडरूमच्या आणि किचनच्या खिडकीला तारेची बसवून घेतली, मग चिंगी आली.

ताईंनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती, पूर्ण घर दाखवू नका, एक खोली द्या. मांजराचं सगळं वासावर चालतं. आपली हद्द ते गाल घासून, अंग घासून, नख्या मारून स्वतःच्या वासाची करत असतं, आणि नव्या घरात एकाही कोपऱ्याला त्याचा वास नसतो, वरून कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, म्हणजे त्याच्यासाठी परक्याच मुलुखात आणून टाकल्यासारखं. अशा वेळी लपून बसणं हा आजार नाही आणि तुमच्यावरचा रागही नाही, जिथून सगळं दिसतं आणि मागून कुणी येऊ शकत नाही अशी जागा ते शोधतं. म्हणून छोटी खोली, त्यात एक आडवा ठेवलेला खोका, एका टोकाला खाणं-पाणी आणि दुसऱ्या टोकाला लिटर बॉक्स, कारण जेवायच्या जागेशेजारी मांजर शी-शू करत नाही.

चिंगी कॅरियरमधून निघाली ती सरळ दिवाणाच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्या चार बोटांच्या फटीत. दीड दिवस कशाला तोंड लावलं नाही. आणि इथे आमच्या हातून चूक झाली, यांनी काळजीपोटी हात घालून तिला बाहेर ओढायला बघितलं. मनगटावर तीन लांब ओरखडे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि लगेच जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचा कोर्स सुरू केला. मांजर घरातलं असलं, साधं खरचटलं असलं तरी हे डॉक्टरना विचारून करायचं असतं, हळद लावून बसायचं नाही. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे चिंगी त्या फटीत अजून आत गेली आणि आमचे दोन दिवस मागे पडले.

खरं तर तिला बाहेर काढलं ते माझ्या सासूबाईंनी. त्यांना मांजर नकोच होतं, पण त्या रोज संध्याकाळी त्याच खोलीत बसून हरिपाठ म्हणतात आणि मांजरासाठी जागा बदलणार नाही म्हणाल्या. मग रोज सातला दिवा लावायचा, जमिनीवर आसन टाकून बसायचं, हळू आवाजात हरिपाठ, दिवाणाकडे बघायचं सुद्धा नाही. पाचव्या दिवशी फटीतून नुसत्या मिशा दिसल्या. सातव्या दिवशी पुढचे दोन पाय आणि नाक. नवव्या दिवशी मी दारातून बघतेय तर सासूबाई डोळे मिटून म्हणतायत आणि चिंगी त्यांच्या आसनाच्या कडेला येऊन लाल काठाचा वास घेतेय, मग हळूच गाल घासला तिने त्या काठाला, एकदा, आणि परत आत. सासूबाई हलल्या नाहीत, फक्त आवाज जरा कापला त्यांचा.

एवढंच लागतं. रोज ठरलेल्या वेळेला खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं, पेपर वाचा, भाजी निवडा, फोनवर बोला, पण हळू. टक लावून बघायचं नाही, मांजराला तो धाक वाटतो. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे, ते सुद्धा तसंच करायला लागलं की समजा ओळख जमतेय. रेस्क्यूवाले लोक एक ढोबळ हिशोब सांगतात, 3 दिवस घाबरलेलं, 3 आठवडे घराची रीत शिकणारं आणि 3 महिन्यांनी आपलं झालेलं. हा काही नियम नाही, कुणाला कमी लागतात कुणाला जास्त, पण तिसऱ्या दिवशी परत नेऊन देणाऱ्यांनी यातली पहिली पायरी सुद्धा पूर्ण होऊ दिलेली नसते.

खाण्याचं मात्र बारीक लक्ष हवं. पहिला दिवस उपाशी राहिलं तर चालतं, पण मोठं मांजर सलग दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर लिव्हरवर चरबी चढून जिवावर बेततं, तेव्हा वाट न बघता व्हेटकडे न्यायचं. आमच्याकडे सासूबाईंनी पहिल्यांदा दूधच ठेवलं होतं, बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. चिंगीने रात्री दोनला पहिला घास खाल्ला तो उकडलेल्या बांगड्याचा, काटे काढून, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही कारण ते मांजराला विषच. लिटर बॉक्सला ती आधी हुंगून बघायची नि निघून जायची. ताई म्हणाल्या ती मातीतली आहे, मग पार्किंगच्या कुंडीतली दोन मुठी माती आणून वर पसरली, त्याच रात्री काम झालं. पुढे माती कमी कमी करत नेली.

अजून दोन गोष्टी ज्या मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. एक, फिनेल. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं लिव्हर नीट बाहेर टाकू शकत नाही, ते ओल्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. आम्ही साध्या पाण्याने पुसतो आता. दोन, आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल. ताप आलाय वाटून अर्धी गोळी दिली तरी मांजर जाऊ शकतं. आणि घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला व्हेटने तपासून, लस-जंताचं औषध होऊन दोन आठवडे होईपर्यंत वेगळं ठेवा, पॅनल्यूकोपेनिया म्हणजे मांजरांचा पार्वो फार वाईट आजार आहे, पिल्लं दोन दिवसांत जातात.

परत करणारे सगळेच वाईट असतात असं मी म्हणत नाही. निदान ते फोन तरी करतात. काहीजण गोणीत घालून मच्छी मार्केटला सोडून येतात, "तिथे खायला मिळेल" म्हणून. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर 10 ते 50 रुपये. घरात राहिलेलं मांजर मार्केटमध्ये तिथल्या बोक्यांसमोर किती टिकेल हे मी सांगायला नको.

संपादक साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत दत्तक द्यायच्या पिल्लांचे फोटो येतात ते छान असतात, चालू ठेवा. पण त्या फोटोंखाली चार ओळी पहिल्या पंधरा दिवसांच्याही छापा, की मांजर लपेल, रात्री ओरडेल, जवळ येणार नाही, आणि ते सगळं ठीक आहे. देणाऱ्यांनीही देताना हे तोंडावर सांगावं, आणि दिवाळीच्या आठवड्यात कुणाला मांजर देऊच नये, फटाक्यांत नवीन घर म्हणजे त्याचे हाल. आणि आत्ता या घडीला ज्यांच्या दिवाणाखाली एखादं मांजर बसलेलं असेल त्यांनी आज रात्री खोलीतला दिवा बंद करून खाण्याची वाटी थोडी जवळ सरकवून ठेवा आणि झोपा.

चिंगीला आमच्याकडे येऊन आता आठ महिने झाले. सिलेंडरवाला आला की अजून पळते. पण संध्याकाळी सातच्या आधीच आसनावर जाऊन बसलेली असते, सासूबाईंना अर्धीच जागा उरते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)