वकीलबाई, तुम्ही खोडलेल्या त्या वाक्याबद्दल

आदरणीय वकीलबाई,

गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या कोर्टात, कायदा सेवा समितीच्या टेबलापाशी ओली छत्री घेऊन उभी राहिलेली मायलेकं तुम्हाला आठवत असतील की नाही, ठाऊक नाही. तुम्ही रोज कितीतरी बघत असाल. मला मात्र तुमचा पहिला ओरडा आठवतो. नोटिशीचं पाकीट मी फेकायला निघालो होतो. "नोटीस हातात कधी पडली ते ह्या शिक्क्यावरूनच कळतं ना!" म्हणत तुम्ही ते टाचणीने नोटिशीलाच जोडलंत.

नोटीस भाटकारांच्या, म्हणजे आमचं घर ज्यांच्या जमिनीत आहे त्या मालकांच्या, वकिलाची. आई म्हणे त्यांच्या परवानगीने राहणारी 'लायसन्सी'. पंधरा दिवसांत घर खाली करा, नाहीतर कोर्टात खेचू. आईने तर तांब्याची भांडी पोत्यात भरायला घेतली होती. ही वकिलाची चिठ्ठी, कोर्टाचा हुकूम नव्हे, हे तुम्ही तिला दोनदा सांगितलंत. पण गप्प राहू नका, नाहीतर उद्या म्हणतील सगळं कबूल होतं, हेही बजावलंत.

मग विचारलंत, घराचं भाडं कधी दिलं? आई म्हणाली, "भाडं कसलं? चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान नेऊन द्यायचे, नारळ काढायला पाडेली आला की वेचायला जायचे." तुम्ही भराभरा लिहून घेतलंत. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार; पण भाडं भरणारा मुंडकार ठरत नाही आणि मुंडकाराला मामलेदाराच्या हुकुमाशिवाय घराबाहेर काढता येत नाही, हे 1975 च्या कायद्यात आहे. गोव्यात जन्मून, मुंडकाराच्याच घरात वाढून हे मला माहीत नव्हतं!

आईला विचारून मी घरी उत्तराचा कच्चा मसुदा केला होता. शेवटी तिने आग्रहाने घालायला लावलं होतं, 'भाटकारांनी दया करून आम्हाला राहू दिलं, ते उपकार आम्ही विसरणार नाही.' तुम्ही त्यावर सरळ रेघ मारलीत. आई दुखावली. "खोटं आहे का ते?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. "खोटं नाही. पण ते चवथीला त्यांच्या घरी जाऊन सांगा. ह्या कागदावर लिहिलंत तर लायसन्सी असल्याचं तुम्हीच लिहून दिलंत."

नंतर त्यांच्या एकेका परिच्छेदाला एकेक उत्तर झालं. बिस्किटाच्या डब्यातल्या घरपट्टीच्या पावत्या तुम्ही वर्षवार लावल्यात. आजीच्या नावाच्या, वाळवीने कोपरा खाल्लेल्या पावतीची झेरॉक्स तर स्वतः उभं राहून काढून घेतलीत. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणायला मला पिटाळलंत. पैशाचं विचारलं तर म्हणालात, 1987 च्या कायद्याने बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

उत्तर पोचल्याची पोचपावती वीजबिलांच्या खिळ्याला अडकवली आहे. मामलेदारांकडच्या अर्जाला तारखा पडताहेत. भांडी पुन्हा फळीवर गेली. चवथीला आई माटोळीचं सामान घेऊन भाटकारांकडे गेली होती, नेहमीसारखीच. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "छापायच्या आधी त्यांना दाखव. एखादं वाक्य खोडायचं असेल."

तुमचा,
डिचोलीचा एक मुंडकार