वाडा दाखवा, पण राबणारेही दाखवा

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या प्लांटेशन, म्हणजे गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या मोठ्या मळ्यांवरच्या, हवेल्यांचे फोटो छापलेत, झुंबरं काय, ओकची झाडं काय, सगळं छान, पण तिथं राबलेल्या गुलामांबद्दल एक ओळ नाही हो! मुलीकडं ह्यूस्टनला गेलो होतो तेव्हा लुइझियानातलं व्हिटनी प्लांटेशन बघितलं, मिसिसिपी नदीच्या काठावर आहे, तिथं आधी नीळ आणि मग ऊस पिकवायचे. जॉन कमिंग्स नावाच्या वकिलाने ते 1999 ला विकत घेऊन स्वतःचे पैसे ओतले आणि 2014 ला म्युझियम उघडलं, तेही मालकाचं नाही तर गुलामांचं. तिथल्या चर्चमधे लहान पोरांचे मातीचे पुतळे आहेत, खऱ्या उंचीचे, आपल्याकडंच बघतायत असं वाटतं, मी तर बाहेर येऊन बसलो. 1930 च्या दशकात सरकारने गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, ही पोरं म्हणजे तेच लोक, लहानपणीचे. एका जागी तर त्याच भागात मेलेल्या सुमारे 2200 गुलाम मुलांची आठवण दगडावर कोरलीय, बरीचशी तीन वर्षांच्या आतली. हवेली पण बघितली म्हणा, पण त्यानंतर झुंबराकडं कोण बघतंय. बाकी काही हवेल्यांवर आजही लग्नं लागतात म्हणे! पुढच्या वेळी एक फोटो त्या गुलामांच्या खोपट्यांचा पण छापा.

आपला एक जुना वाचक, सांगली