काचेची आठवण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. "काचेला कसली आलीय आठवण!" असं म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हा आता सविस्तर ऐक.

आधी तुझी ती युरोपातल्या जुन्या चर्चची गोष्ट निकालात काढतो. तिथल्या खिडक्यांची काच शतकानुशतकं ओघळून खाली जाड झाली, हे खोटं. तेव्हा एकसारख्या जाडीची काच बनतच नसे, बस.

म्हातारी मात्र काच होते. द्रव झपाट्याने थंड केला की रेणूंना नीट लागून बसायला सवड मिळत नाही, आणि ते अवघडलेलेच अडकतात. आत सावरासावर चालूच राहते, पण समतोल काही गाठला जात नाही.

मला वेड लावलं ते फ्रान्समधल्या साक्ले आणि स्वीडनमधल्या उप्साला इथल्या मंडळींनी १९९८ साली छापलेल्या प्रयोगाने. पदार्थ होता स्पिन ग्लास. ही खिडकीची काच नव्हे. हिच्यात विस्कटलेली असते ती अणूंच्या चुंबकांची दिशा. लग्नाच्या पंगतीत काकांना मामांशेजारी नको, मामांना आत्यासमोर नको, सगळ्यांचं मन राखेल अशी मांडणीच नाही, तसं या चुंबकांचं असतं.

त्यांनी कॅडमियम, क्रोमियम, इंडियम आणि गंधकाचं एक संयुग घेतलं. १६.७ केल्विनच्या, म्हणजे साधारण उणे २५६ अंश सेल्सियसच्या, खाली त्यातली चुंबकं गोठतात. ते सावकाश थंड करत १२ केल्विनला आणलं आणि तिथेच सात तास थांबवलं. हलक्या, डोलत्या चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद तेवढ्यात हळूहळू मंदावला, म्हणजे वय वाढलं. पुढे थंड करायला लागताच पठ्ठ्या पुन्हा तरुण! मध्ये थांबलाच नव्हता, असा आलेख. तसंच ५ केल्विनपर्यंत नेलं.

खरी गंमत परतीच्या वाटेवर. आता कुठेही न थांबता तापवत आणलं, आणि नेमका १२ केल्विनपाशी आलेख खाली वाकला. जिथे मुक्काम केला होता तिथेच खळगा! जरा वर गेल्यावर तो बुजलाही.

म्हणजे या पदार्थाचं वय एका आकड्यात सांगताच येत नाही. प्रत्येक तापमानाला ते निराळं. असं का, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, चुंबकांच्या कमी ऊर्जेच्या मांडण्या म्हणजे दऱ्या धरल्या, तर त्या दऱ्यांच्या पोटात आणखी लहान दऱ्या असतात; दुसरा म्हणतो, सुव्यवस्थेचे ठिपके, म्हणजे चुंबकांची घडी नीट बसलेले तुकडे, वाढत जातात आणि थंडीत मोठे ठिपके थिजून जपले जातात. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात ठिपक्यांचा आकार तरी अजमावता येतो. तू गणितवाला, तुला दऱ्याच आवडणार.

वहिनींना नमस्कार. सोबत आलेखाची झेरॉक्स जोडली आहे. खळग्यावर पेन्सिलीने खूण केली आहे.

तुझा,
माधव