कोविडोत्तर त्रासांवरील संशोधन कळविताना घ्यावयाची काळजी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासांविषयीचे संशोधन मंडळात मांडताना तो अभ्यास कोणावर, किती काळ आणि कोणाशी तुलना करून झाला, हे अवश्य नमूद करावे.

मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासाचे ‘कोविडने मेंदू आक्रसतो’ एवढेच सार आपल्याकडे फिरले आणि काही सभासद विनाकारण धास्तावले. मूळ अभ्यासात ब्रिटनमधील ५१ ते ८१ वयाच्या ७८५ व्यक्तींच्या मेंदूची चित्रे दोनदा घेतली होती. त्यांपैकी ४०१ जणांना दरम्यानच्या काळात संसर्ग झाला आणि त्यांच्यात, विशेषतः गंधज्ञानाशी निगडित भागांत, इतरांपेक्षा सरासरी ०.२ ते २ टक्के अधिक घट किंवा ऊतींची हानी आढळली. घट खरी, पण ती सरासरी आहे. प्रत्येकाचे भाकीत नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार कोविडोत्तर त्रासाची लक्षणे साधारणतः संसर्गानंतर तीन महिन्यांनी दिसतात, किमान दोन महिने टिकतात आणि त्यांचा दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा होत नाही. व्याख्येतील ही शेवटची अट बहुधा विसरली जाते. थकवा, धाप किंवा विस्मरण जाणवत असल्यास रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी करून घ्यावी आणि लेख वाचून चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

स्वतःचा अनुभव जरूर सांगावा, मात्र तो अनुभव म्हणूनच सांगावा. दुसऱ्याचे वैद्यकीय अहवाल त्यांच्या संमतीशिवाय पाठवू नयेत.

— कार्यवाह