शाळेची बीट रिकामी ठेवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शाळांच्या बातम्या देणाऱ्या ताईंचं नाव दोन महिने झाले दिसत नाही, चौकशी केली तर कळलं त्यांना राजकारणाच्या बीटवर, म्हणजे त्या विषयाच्या बातम्यांवर टाकलंय आणि शिक्षणाचं "बाकीचे बघतील". मला पत्रं लिहायची सवय नाही, मोबाईलवरच टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे ना, की समितीत चारातले तीन जण पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत, त्यात माझा नंबर लागला. पण समितीने करायचं काय हे कोणी सांगितलंच नव्हतं. मीटिंगला गेलं की रजिस्टर पुढे यायचं, सही करायची आणि घरी यायचं. शाळेचा विकास आराखडा आपण बनवायचा असतो, आलेला निधी कुठे खर्च झाला ते आपण विचारू शकतो, हे मला तुमच्या पेपरात वाचून कळलं, ताईंनीच लिहिलेलं.

त्या पहिल्यांदा शाळेत आल्या तेव्हा आम्हाला वाटलं फोटो काढतील, सरांशी दहा मिनिटं बोलतील आणि जातील, सगळे तसंच करतात. या बाई चपला काढून सरळ वर्गात मागे सतरंजीवर बसल्या ते शाळा सुटेपर्यंत. त्या दिवशी एक सर ट्रेनिंगला गेलेले, म्हणून एकट्या मॅडमकडे पहिली ते चौथी. पहिलीला अक्षरं गिरवायला दिली की तिसरीवाले गोंधळ घालणार, चौथीला गणित समजवायला घेतलं की पहिलीतलं कोणीतरी रडत येणार, आणि मधेच केंद्रातून, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवरच्या ऑफिसातून फोन, अमुक माहिती आजच्या आज लिंकवर भरा. ताईंनी वहीत रकाने पाडून वेळ मांडला, कुठल्या वर्गाला किती मिनिटं मिळाली, फोनमध्ये किती गेली. दुसऱ्या आठवड्यात तेच छापून आलं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक एवढंच कायद्यात आहे, म्हणजे कागदावर आमच्या शाळेत सगळं ओके आहे, कुठल्याच आकड्यात ही शाळा अडचणीत दिसणार नाही. ते कळायला सतरंजीवरच बसावं लागतं.

आणखी एक, दर वेळी 'असर'चा, म्हणजे मुलांना वाचता येतं का, गणित येतं का ते बघणाऱ्या सर्व्हेचा रिपोर्ट आला की सगळीकडे तीच हेडलाईन, पाचवीच्या पोरांना दुसरीचं वाचता येत नाही, मग लगेच घराघरात झेडपीच्या मास्तरांना शिव्या. ताईंनी सोप्या भाषेत लिहिलं होतं की हा सर्व्हे शाळेत नाही, खेड्यांमध्ये घरोघरी जाऊन होतो, त्यात प्रायव्हेट शाळेत जाणारी मुलंही असतात, आणि तो नमुना असल्यामुळे त्यावरून एखाद्या शाळेला नावं ठेवता येत नाहीत. एवढं वाचून आमच्याकडची भांडणं थांबली असं नाही हां, पण निदान भांडताना मुद्दा तरी बरोबर धरला लोकांनी.

2024 ला राज्य सरकारने आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या, खासगी शाळेत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवायच्या 25 टक्के जागांचा नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही. मे महिन्यात हायकोर्टाने त्याला स्टे दिला आणि जुलैमध्ये तो बदलच रद्द केला, तोपर्यंत पालकांचे जे हाल, फॉर्म भरायचा की नाही, भरलेला चालणार का, काहीच कळेना. तेव्हा ताईंच्या एका बातमीत अर्जाची तारीख चुकली होती. मी चिडून फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी, ठळक अक्षरात दुरुस्ती. नाहीतर दुरुस्त्या कुठे छापतात तुम्हाला माहितीच आहे, भिंग घेऊन शोधाव्या लागतात.

आणि एका शाळेत मुलीच्या बाबतीत वाईट प्रकार झाला तेव्हा व्हॉट्सॲपवर शाळेचं नाव, गल्ली, सगळं फिरत होतं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 23 मध्ये मुलाचं नाव, फोटो, पत्ता, घरचे, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. ताईंच्या बातमीत यातलं एक अक्षर नव्हतं, पण तक्रार घ्यायला उशीर का झाला हा प्रश्न मात्र होता. हे जमायला तो विषय रोज करणारं माणूस लागतं साहेब, आज इथे उद्या तिथे असणाऱ्याला घाईत नाही जमणार.

आता त्या जागी काय येतंय, तर निकालाच्या दिवशी उड्या मारणाऱ्या मुलींचा फोटो आणि क्लासवाल्यांच्या टॉपरची अर्धा पान "बातमी", जी खरं तर जाहिरात असते पण तसं वर कुठे लिहिलेलं नसतं. जाहिरात लागते हे मला कळतं, पेपर फुकट निघत नाही. पण बीटवर कोणीच नसेल तर पटसंख्या कमी म्हणून एखादी शाळा बंद व्हायला निघाली की ती बातमी आम्हाला शाळेला कुलूप लागल्यावर कळणार.

आमच्या शाळेची बातमी आली तेव्हा शिक्षण खात्याच्या साहेबांनी ताईंना सांगितलं होतं, महिन्याभरात तिसरा शिक्षक देतो, ते तुमच्या पेपरात छापलंय, माझ्याकडे कात्रण आहे. महिना कधीच होऊन गेला. मी विचारलं तर "बघू" म्हणतात. तुमच्याकडून आता विचारायला कोण येणार आहे तेवढं कळवा.

तुमची वाचक,
शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई