जाण्याआधी देण्याची सोय लाव

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या लेस्टरची नोकरी पक्की झाल्याचं वाचून फार बरं वाटलं. पण त्याच पत्रात तू लिहिलंयस, "कर्जाचं तिकडं गेल्यावर बघू, तिथवर कोण मागं येतंय." त्या एका ओळीसाठी हे लांबलचक उत्तर लिहितोय. तुझ्या मागे कदाचित कोणी येणार नाहीही. पण वसुली जामीनदाराच्या दारात येते, आणि ते दार इथंच आहे.

पतसंस्था, क्रेडिट कार्ड, बँकेचं कर्ज आणि पीक कर्ज या तुझ्या चार देण्यांपैकी पतसंस्थेचं तुला सगळ्यात किरकोळ वाटतंय. सगळ्यात आधी तेच पेटेल. पतसंस्थेला कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली ती निबंधकांकडे अर्ज करते, नोटिसा निघतात, सुनावणी होते आणि वसुली दाखला मिळतो. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि कलम 156 खाली वसुली अधिकारी जप्ती-लिलावापर्यंत जाऊ शकतो. अर्जात तुझ्याबरोबर तुझे जामीनदार सदा आणि विलासकाका यांचीही नावं असणार. 'आधी दिगूकडे मागा, मग माझ्याकडे या' असं जामीनदाराला म्हणता येत नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. विलासकाकांनी पगारकपातीचं संमतिपत्र दिलं असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्याच कलम 49 च्या आधारे त्यांच्या पगारातून थेट हप्ता कापता येतो. वसुली दाखल्याविरुद्ध त्याच अधिनियमाच्या कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. निवृत्तीला आलेल्या माणसानं ती कुठून आणायची? नंतर ते तुझ्यावर दावा लावू शकतात, कायदा तो हक्क देतो. पण तोवर त्यांच्या घरातलं काय झालेलं असेल, याचा विचार कर.

तू पतसंस्थेला सही केलेले धनादेश दिलेत, ते विसरू नकोस. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, पण धनादेश न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली गुन्हा आहे. बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर भरायला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. समन्सला कोणी हजर राहिलं नाही की आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. असं वॉरंट असताना पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि भारतात उतरताना विमानतळावर अडवलंही जाऊ शकतं. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो ना, तो परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 च्या कलम 25 खाली अशीच कारवाई होते. पगार बंद झाला की पहिला फटका तिथंच बसतो.

सरकारी बँका थकबाकीदाराला विमानतळावर रोखण्यासाठी परस्पर लुक-आउट सर्क्युलर मागू शकत होत्या. त्यांचा तो अधिकार मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल 2024 मध्ये रद्द केला. हे ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात, पण कोर्टाचे आणि पोलिसांचे मार्ग उघडेच आहेत.

"तीन वर्षं गेली की कर्ज बुडतं" हेही तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते हे खरं. पण मुदत कायदा 1963 चं कलम 15(5) वाच. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल, तितका काळ मुदतीत धरत नाहीत. म्हणजे तू लेस्टरला असेपर्यंत ते घड्याळ थांबलेलं असतं. नोटीस तुझ्या हाती पडली नाही तर कोर्ट ती उत्तरेश्वर पेठेतल्या घराच्या दारावर डकवायला किंवा वर्तमानपत्रात छापायला सांगू शकतं, आणि पुढं एकतर्फी हुकूमनामा होतो. जिल्हा न्यायालयाचा असा पैशाचा हुकूमनामा सहा वर्षांच्या आत इंग्लंडच्या उच्च न्यायालयात नोंदवायचीही सोय आहे. तुझ्याएवढ्या रकमेसाठी सहसा कोणी तो खर्च करत नाही, पण त्या भरवशावर संसार मांडायचा नसतो.

क्रेडिट कार्ड सगळ्यात आधी संपव. महिना साडेतीन टक्के धर, 1 लाखाचे वर्षात जवळजवळ 1 लाख 51 हजार होतात, दंड आणि जीएसटी वेगळा. 'निम्मे भरा, मिटवून टाकू' असा फोन येईल. त्याला हो म्हणालास तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि उद्या इथं घर घ्यायचं म्हटलं की तो आडवा येतो. पूर्ण भर, कार्ड बंद करून घे आणि लेखी बेबाकी दाखला घे.

बँकेचं कर्ज चालू ठेवायला हरकत नाही, फक्त व्यवस्था लाव. परदेशी राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यात खाते क्रमांक बदलला तर हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून कापायची परवानगी, नव्यानं द्यावं लागतं, आणि माणसं नेमकं हेच विसरतात. खात्यात तीन हप्ते कायम शिल्लक ठेव. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं, म्हणून आधीच्या महिन्यातच पैसे पाठवत जा. इथलं सिम चालू ठेव, ओटीपी त्यावरच येतात. बँकेला तिकडचा पत्ता आणि ईमेल लेखी कळव, पोच घे.

पीक कर्जाचं उसाच्या बिलातून कापलं जाईल हे तुझं म्हणणं बरोबर, पण ऊस आप्पांच्या नावावर जात असेल तर आधी सोसायटीच्या सचिवांना विचार. मुदत चुकली की व्याज सवलतही जाते.

आप्पांच्या नावे मुखत्यारपत्र इथं असतानाच नोंदवून घे. कर्जखाती चालवणं, दाखले घेणं, सातबारावरचा बोजा कमी करून घेणं, एवढेच अधिकार त्यात नावानिशी लिही, सरसकट सगळे देऊ नकोस. तिकडं गेल्यावर करायचं म्हटलं तर भारताच्या वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकन करायचं, मग ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं, असा सगळा व्याप होतो.

पतसंस्थेचं मात्र माझं ऐक आणि जायच्या आधी निल कर. सोन्यावर कर्ज काढून भरावं लागलं तरी चालेल. त्यात फक्त तुझं सोनं गुंतेल, सदाचं घर आणि काकांचा पगार मोकळा होईल. ते जमणारच नसेल तर दोघांना समोर बसवून हप्त्याची तारीख आणि रक्कम सांग, तुझा तिकडचा नंबर दे. त्यांना ते तुझ्याकडून कळलं पाहिजे, नोटिशीतून नव्हे.

चारही खात्यांचे आजच्या तारखेचे उतारे काढ. पतसंस्थेच्या उताऱ्यात मुद्दल, व्याज आणि दंडव्याज वेगळं लिहून माग, आणि धनादेश किती दिलेत ते पावतीवरून बघ. कर्ज फिटलं की ते सगळे परत घ्यायचे. उतारे व्हॉट्सअॅपवर पाठव, रविवारी मी तुझ्याकडे येतो आणि कुठल्या महिन्यात काय भरायचं ते बसून लावू.

आई-आप्पांना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास