डावा हात हलका ठेव

प्रिय दादा,

सा. न.

चावीशिवाय कुलूप उघडायच्या सरावाबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "सगळ्या पिना दगडासारख्या घट्ट लागतात. जोर लावला की वर जातात, पण कुलूप ढिम्म हलत नाही." फोनवर हात दाखवून सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तुझं वर्णन ऐकून मला वाटतं, पिक, म्हणजे पिना उचलायची बारीक सळई, धरणारा उजवा हात ठीक चाललाय. अडतंय ते डाव्या हातापाशी. नवीन शिकणाऱ्याचं सगळं लक्ष पिकवर असतं, पण कुलूप उघडतो तो टेन्शन रेंच (कुलपाला पीळ देणारी वाकडी पट्टी) धरलेला हात, असं माझं ठाम मत झालंय.

आधी आतलं चित्र डोळ्यांसमोर आण. लायनस येल (धाकटा) याने १८६१ साली पेटंट घेतलेली पीन-कुलपाची रचना मुळात आजही तीच आहे. मधला फिरणारा भाग म्हणजे प्लग. त्यात ओळीने भोकं. प्रत्येक भोकात एक चावीची पीन, तिच्यावर ड्रायव्हर पीन आणि तिला दाबणारी स्प्रिंग. ड्रायव्हर अर्धी प्लगमध्ये आणि अर्धी बाहेरच्या कवचात असते, म्हणून प्लग फिरत नाही. योग्य चावी घातली की दोन्ही पिनांमधली फट नेमकी प्लगच्या काठावर येते, तीच शिअर लाइन.

आता ही भोकं कितीही काटेकोर पाडली तरी अगदी एका रेषेत येत नाहीत, केसभर फरक राहतोच. त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. तिला उचलून ड्रायव्हर काठापलीकडे गेली की प्लग जरासा सरकतो आणि त्या ड्रायव्हरला परत खाली यायला जागाच उरत नाही. मग पुढची अडकते. आपला सगळा छंद त्या केसभर फरकावर उभा आहे, आणि मला त्याचंच फार अप्रूप वाटतं.

म्हणजे तुझ्याकडे काय होतंय बघ. तू रेंच इतका दाबतोस की एकच नाही, सगळ्याच पिना एकदम अडकतात. कोण आधी अडकली हे पिकला कळायला मार्गच राहत नाही. मग तू जोर करतोस आणि चावीची पीनच शिअर लाइनच्या वर जाऊन बसते. एकदा ती तिथे अडकली की कितीही खटपट केलीस तरी प्लग फिरणार नाही. अशा वेळी रेंच एकदम सोडू नकोस. अगदी सावकाश ढिला कर आणि कान दे. जास्त वर गेलेल्या पिना एकेक करून खाली पडताना टिक् टिक् ऐकू येतात. कधी कधी तेवढ्याने काम होतं, बाकीच्या जागेवर राहतात. नाहीच झालं, तर पूर्ण सोड आणि पहिल्यापासून लाग.

हलका म्हणजे किती, हे तू विचारणारच. आकडा सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येक कुलपाचं वेगळं असतं. पण नखाकडे बघ. तर्जनीचं टोक रेंचच्या अगदी शेवटाला टेकव. नखाखालचा गुलाबी रंग गेला आणि पांढरं पडलं, की ताण जास्त झाला. शेवटाला यासाठी की तिथे दांडा लांब मिळतो आणि बोटाचा बारीकसा बदलही प्लगपर्यंत पोचतो. रेंच कुलपाच्या बाहेरच्या कडेला घासत नाही ना, तेही बघ. घासला की तू लावलेला ताण तिथेच जिरतो आणि आतलं काहीच हाताला जाणवत नाही. घरात वजनकाटा असेल तर त्यावर तेच बोट टेकवून आकडा स्थिर ठेवायचा सराव कर, नंतर नजर दुसरीकडे वळवून. कंटाळवाणं वाटेल, पण हात यानेच बसतो.

सरावाचं कुलूप उघडून आत एकच पीन ठेव. प्लग बाहेर काढताना त्याच्यामागे तेवढ्याच जाडीची दांडी सरकवत ने, नाहीतर स्प्रिंगा खोलीभर उडतील. मग ताण शून्यापासून वाढवत जा. ज्या ताणाला पीन बसते आणि बसलेली राहते, तो कमीत कमी ताण शोध. भरपूर दाबून मग कमी करत आणू नकोस, त्याने बोटाला काही शिकायला मिळत नाही. एक जमली की दोन, मग तीन.

पुढे स्पूल पीन भेटेल, मधे बारीक कंबर असलेली. प्लग चांगला फिरतो, आता उघडलंच असं वाटतं आणि तिथेच अडतं. ती पीन उचलायला गेलास की प्लग उलटा फिरू बघतो, तुझ्या बोटाला मागे ढकलतो. तिथे हट्टाने धरून ठेवू नकोस. चढावर गाडी उभी असताना क्लच सोडतोस तसा ताण थोडा थोडा सोड आणि प्लगला मागे जाऊ दे. एखादी बसलेली पीन पडेल, ती परत बसव. मला या छंदातला सगळ्यात आवडता क्षण हाच, कारण कुलूप इथे बोटाशी थेट बोलतं.

पीन जास्त उचलली गेली म्हणून वैतागू नकोस. १८१८ साली जेरेमाया चबने केलेल्या डिटेक्टर कुलपात लीव्हर (पिनेच्या जागी असलेली उचलायची पट्टी) जरा जास्त वर गेला की कुलूप तिथेच जखडून बसायचं आणि मालकाला पत्ता लागायचा. तरीही १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते सुमारे २५ मिनिटांत उघडलं. त्यानंतर जोसेफ ब्रामाने बनवलेलं कुलूप उघडायला त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि २०० गिनींचं बक्षीस मिळालं. बोल्टवर (कुलपाच्या अडसरावर) दाब ठेवायचा आणि एकेक भाग चाचपायचा, त्याचंही मूळ तंत्र हेच. तुझं कुलूप तर रेंच सोडला की सगळं माफ करतं.

आईला सांग, काळजी करू नकोस. १९९७ साली हॅम्बुर्गमध्ये या छंदाची रीतसर संघटना निघाली, लोक स्पर्धा घेतात. नियम मात्र कडक आहेत: कुलूप आपलं स्वतःचं हवं किंवा मालकाची परवानगी हवी, आणि रोजच्या वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. दुसरा नियम तूही पाळ. पिकने आतले भाग बिघडू शकतात, आणि मग दाराबाहेर उभं राहायची वेळ येते.

तीन पिनांपर्यंत पोचलास की फोन कर, आणि नेमकी कितवी पीन आधी अडकते ते लिहून ठेव. त्यावरून पुढचं सांगते. आई-बाबांना नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझी,
छोटी